चालायचा बूट, घसरायचा बूट

फौजेत बुटाचं महत्त्व कोणाला पटवून द्यावं लागत नाही. भरती झाल्यावर रायफल हातात यायच्या आधी बूट पायात येतो, आणि पेन्शन सुरू झाल्यावरही पहाटे पाच वाजता पाय खाटेखाली बूट शोधतात. गावाकडे लोक सरकारी कचेरीत जोडे झिजवतात, आम्ही ते परेड ग्राउंडवर झिजवले. पण आजचा लेख नेहमीच्या काळ्या बुटावर नाही. गुलमर्गच्या पोस्टिंगमध्ये मी एक वेगळाच बूट पाहिला, वापरला आणि नंतर त्याचा इतिहास शोधत बसलो. तो म्हणजे स्कीचा बूट. आणि लेख त्याच्या सोलबद्दल आहे.

गुलमर्ग समुद्रसपाटीपासून सुमारे २,६५० मीटरवर. हिवाळ्यात तिथे स्कीचं प्रशिक्षण चालतं. आमच्या स्क्वाडला पहिल्या दिवशी जे नियम सांगितले गेले, त्यात एक असा होता : स्कीचा बूट घालून डांबरी रस्त्यावर, काँक्रीटवर किंवा खडीवर चालायचं नाही. नाइलाजाने चालावं लागलंच तर सोलवर रबरी कव्हर चढवायचं. नवीन पोरांना हे ऐकून हसू यायचं. जो बूट बर्फावर, कातळावर, ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगात टिकतो, त्याला बॅरेकपासून लंगरपर्यंतची दोनशे पावलं कशी सोसत नाहीत?

प्रश्न बरोबर आहे. उत्तरासाठी दीडशे वर्षं मागं जावं लागतं.

ज्यांनी स्की जवळून पाहिली नाही त्यांच्यासाठी आधी दोन शब्द. स्की म्हणजे बर्फावरून घसरण्याची लांब पट्टी. बूट त्या पट्टीवर ज्या कडीने किंवा यंत्राने अडकतो त्याला बाइंडिंग म्हणतात. बूट, बाइंडिंग आणि स्की या तिघांची जोडणी नीट असेल तरच माणसाचा पाय स्कीला हुकूम देऊ शकतो. बाइंडिंग बुटाला धरतं ते सोलच्या कडेला. म्हणजे या बुटाचा सोल जमिनीसाठी कमी आणि बाइंडिंगसाठी जास्त असतो. पुढचा सगळा इतिहास या एका वाक्यात आहे.

सुरुवातीला असं काही नव्हतं. नॉर्वेतले शेतकरी साध्या चामड्याच्या जोड्यांवर स्की बांधायचे. पुढे एक चामडी पट्टा, त्यात चवडा घालायचा, बस्स. १८६०च्या दशकात टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नॉरहाइम यांनी विलोच्या कोवळ्या फांद्या पिळून टाचेमागून वेढा घातला. त्यामुळे उडी मारताना किंवा वळताना स्की पायातून निसटेना. १८९४ मध्ये नॉर्वेच्याच फ्रिट्झ हुइटफेल्ट यांनी पुढे लोखंडी कान बसवले. हे कान बुटाच्या सोलला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखे धरत. पकड वाढली, पण सोलची झीजही त्याच दिवशी सुरू झाली. लोखंड आणि ओलं चामडं एकमेकांवर घासलं की चामडं हरणारच. कडा कुरतडल्या जात, सोल अरुंद होई आणि बूट कानांमध्ये खेळू लागे. मग सोलच्या दोन्ही कडांना धातूच्या पातळ पट्ट्या स्क्रूने ठोकायची पद्धत आली.

याच काळात डोंगरावर चढणारी मंडळी वेगळ्या वाटेने चालली होती. त्यांच्या बुटाला खाली खिळे असत. आपल्या जुन्या पलटणींतल्या बुटांनाही नाल आणि खिळे असायचे, सिमेंटच्या फरशीवर शंभर जणांची पलटण चालली की त्याचा खणखणाट अजून कानात आहे. गिर्यारोहकांचे खिळे याहून मोठे आणि दातेरी. जिनिव्हाच्या फेलिक्स जनकाँ यांनी काढलेले ‘ट्रिकुनी’ खिळे तर आल्प्समध्ये घरोघरी गेले. बर्फाच्या कड्यावर ते चावून बसत. पण तोच बूट स्कीवर ठेवला की खिळे स्कीचं लाकूड फोडून काढत आणि लोखंडातून थंडी सरळ पायाच्या बोटांत जाई.

इथून भांडण सुरू झालं. चालायचं तर सोल खरखरीत, लवचीक आणि पकडणारा हवा. घसरायचं तर सोल सपाट, कडक आणि मापात हवा. हौशी माणसाला प्रश्न नव्हता, तो हॉटेलातून निघताना एक जोड घालायचा आणि उतारावर दुसरा. सैनिकाला ती चैन नाही. त्याच्या पाठीवर रेशन, दारूगोळा, तंबू असतो. उतारावर तो घसरणार, खडकावर स्की खांद्यावर टाकून चालणार, आणि रात्री बूट सुकवायला बुखारी मिळेलच असं नाही. त्याला दोन्ही कामं एकाच बुटात हवीत.

आता थोडी वाट वाकडी करून कंदाहारला जाऊ. २७ जुलै १८८० रोजी अफगाणिस्तानात मैवंदच्या मैदानात इंग्रजांचा मोठा पराभव झाला. त्या ब्रिगेडमध्ये बॉम्बे आर्मीची पहिली ग्रेनेडियर्स आणि तिसावी जेकब्स रायफल्स या पलटणी होत्या. आपल्या मुंबई इलाख्याच्या फौजेचा हा इतिहास आपल्याकडे फारसा सांगितला जात नाही. उरलेली फौज कंदाहारमध्ये वेढली गेली. तिच्या मदतीसाठी जनरल रॉबर्ट्स सुमारे दहा हजार सैनिक घेऊन काबूलहून निघाले आणि साधारण पाचशे किलोमीटरचं अंतर ऑगस्टच्या उन्हात तीन आठवड्यांत पायी तोडून कंदाहारला पोचले. त्यात गुरखे होते, शीख होते, हायलँडर्स होते. चालण्याच्या लष्करी इतिहासात ही कूच आजही शिकवली जाते. रॉबर्ट्स पुढे ‘लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदाहार’ झाले.

याचा स्कीशी काय संबंध? १९११ मध्ये स्वित्झर्लंडच्या मोंताना गावी उताराच्या स्कीची एक शर्यत झाली. तिच्या करंडकाला रॉबर्ट्स ऑफ कंदाहार यांचं नाव होतं. ही शर्यत नावारूपाला आणणारे आर्नल्ड लन हे आधुनिक स्की-शर्यतींचे एक जनक मानले जातात, आणि त्यांचा जन्म १८८८चा, आपल्या मद्रासचा. वडील तिथे मिशनरी होते. पुढे ‘कंदाहार’ हे नाव आल्प्सच्या स्कीजगतात इतकं रुळलं की स्विस अभियंता गुइडो रॉयगे यांनी १९२९च्या सुमारास जे नवीन बाइंडिंग बनवलं, त्यालाही त्यांनी कंदाहार हेच नाव दिलं. ज्या गावासाठी सैनिकांनी पाचशे किलोमीटर टाचा घासल्या, त्या गावाचं नाव टाच धरून ठेवणाऱ्या यंत्राला मिळालं.

कंदाहार बाइंडिंग म्हणजे एक तारेचा दोर. तो बुटाच्या टाचेमागच्या खाचेतून फिरून पुढे येई आणि पुढच्या खटक्याने ताणला जाई. बाजूच्या खालच्या आकड्यांत तार अडकवली की टाच खाली बसे आणि उतार मारता येई. आकड्यातून सोडली की टाच मोकळी, मग चढ चढता येई. फौजांना हे फार आवडलं, कारण एकाच बाइंडिंगवर चढणं-उतरणं दोन्ही जमत होतं. पण यासाठी बुटाच्या टाचेला खाच हवी आणि पुढचं टोक चौकोनी, जाड हवं. टाच झिजली की खाच उथळ व्हायची, तार वर सरकायची आणि नेमकी उतारावर सुटायची. टाचेची निगा हा तेव्हापासून सैनिकाच्या जिवाचा प्रश्न झाला.

फिनलंडच्या लोकांनी हे सगळं बाजूला ठेवलं. ३० नोव्हेंबर १९३९ ते १३ मार्च १९४० या १०५ दिवसांच्या हिवाळी युद्धात फिनिश सैनिक स्कीवरून रशियन तुकड्यांच्या मागे-पुढे फिरत होते. त्यांच्यातल्या अनेकांच्या पायात गावाकडचा, पुढे चोच वर वळलेला चामडी बूट होता. स्कीवर नुसता एक पट्टा. चोच पट्ट्यात अडकवायची, निघायचं. गोळी आली की पाय मागे ओढायचा, स्की सुटली, माणूस बर्फात आडवा. सोल मऊ, चालायला उत्तम. त्या बुटाने आल्प्ससारखे तीव्र उतार मारता आले नसते, पण फिनलंडची जमीन बहुतेक जंगल आणि गोठलेली तळी. त्यांनी जमीन पाहून बूट निवडला. जमीन पाहून हत्यार निवडायचं हे आपल्याला शिवकाळापासून माहीत आहे, बुटालाही तोच न्याय लागतो.

सोलच्या इतिहासातलं सर्वात मोठं पान मात्र एका अपघाताने लिहिलं. १९३५ मध्ये इटलीच्या आल्प्समध्ये पुंता राझिका शिखरावर सहा गिर्यारोहक वादळात सापडून मेले. कातळ चढण्यासाठी त्या काळी हलके, मऊ तळाचे जोडे घालत आणि खिळ्यांचे जड बूट खाली ठेवून जात. वर बर्फ आला आणि त्या हलक्या जोड्यांनी ना पकड दिली ना ऊब. त्या मोहिमेत असलेल्या विताले ब्रामानी यांनी हे मनाला लावून घेतलं. टायर बनवणाऱ्या पिरेल्ली यांच्या मदतीने त्यांनी १९३७ मध्ये खोल नक्षीचा रबरी सोल काढला. त्या नक्षीचं नाव ‘कार्रारमातो’, म्हणजे इटालियनमध्ये रणगाडा. ब्रामानींच्या नाव-आडनावाची सुरुवात जोडून कंपनीचं नाव पडलं व्हिब्राम. ३१ जुलै १९५४ रोजी के-टू शिखरावर पहिल्यांदा माणसाचे पाय लागले, त्या इटालियन मोहिमेच्या बुटांखाली हेच सोल होते. आज तुमच्या ट्रेकिंगच्या बुटाखाली जी नक्षी दिसते ती बहुतेक त्याच घराण्यातली.

रबरी सोल आल्यावर फौजांना वाटलं, भांडण मिटलं. अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात कोलोरॅडोमधल्या कॅम्प हेल इथे आपली डोंगरी पलटण तयार केली, ती पुढे १०वी माउंटन डिव्हिजन झाली. तिच्यासाठी ‘स्की-माउंटन’ नावाचा एकच बूट केला. पुढे चौकोनी टोक, मागे तारेची खाच, खाली नक्षीचं रबर. ही डिव्हिजन १९४५ मध्ये इटलीतल्या अपेनाइन डोंगरात लढली. याच इटलीच्या मोहिमेत आपल्या मराठा लाइट इन्फन्ट्रीचे यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवले होते, हे वाचकांना ठाऊक आहेच. गंमत अशी की स्कीवर इतकी वर्षं घासून तयार झालेल्या त्या अमेरिकन डिव्हिजनची गाजलेली रिव्हा रिजची चढाई फेब्रुवारी १९४५च्या रात्री पायीच झाली. स्कीच्या सैनिकाला शेवटी चालावंच लागतं.

आपल्याकडे गुलमर्गला स्की आली ती इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर. १९२७ मध्ये त्यांनी तिथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. ती हौस होती. गरज कळली १९४८ मध्ये. फेब्रुवारीत मेजर पृथी चंद आणि त्यांच्याबरोबरचे लाहौलचे जवान भर हिवाळ्यात झोजी ला ओलांडून लेहच्या बचावासाठी गेले. झोजी ला साडेतीन हजार मीटरवर, हिमलोटांचा रस्ता, आणि तेव्हा आपल्या फौजेकडे बर्फासाठी वेगळं असं फारसं सामान नव्हतं. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांनी त्याच खिंडीत रणगाडे नेऊन शत्रूला धक्का दिला, ती गोष्ट सगळे सांगतात. त्याच वर्षअखेरीस त्यांच्याच डिव्हिजनची छोटीशी स्की शाळा गुलमर्गमध्ये सुरू झाली, ती गोष्ट फार कमी लोक सांगतात. हीच शाळा वाढत वाढत १९६२ मध्ये हाय ऑल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाली. फौजेत तिला ‘हॉज’ म्हणतात. सियाचीनची वाट दाखवणारे कर्नल नरेंद्र ‘बुल’ कुमार याच परंपरेतले. १९६१ मध्ये नीलकंठच्या मोहिमेत हिमदंशाने त्यांच्या पायाची चार बोटं गेली होती, आणि त्यानंतर १९७८ मध्ये त्यांनी तेराम कांगरीची मोहीम नेली. पाय म्हणजे काय हे अशा माणसांकडून समजून घ्यावं.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. चामड्याच्या बुटात माणसाचा घोटा थोडा हलायचा आणि त्यातच त्याचा बचावही असायचा. १९६०च्या दशकात अमेरिकेत बॉब लँग यांनी प्लॅस्टिकचा स्की बूट बाजारात आणला. कवच कडक, कड्या धातूच्या. पायाचा हुकूम क्षणात स्कीला पोचू लागला. पण पडल्यावर स्की पायाला पिळते तेव्हा तो पीळही तितक्याच इमानाने नडगीपर्यंत आणि गुडघ्यापर्यंत पोचतो. म्हणून बाइंडिंगला दुसरं काम शिकावं लागलं : वेळ आली की सोडणं.

सोडणाऱ्या बाइंडिंगची कल्पना जुनी आहे. नॉर्वेत जन्मलेले अमेरिकन स्कीपटू यालमार वाम यांचा १९३७ मध्ये पाय मोडला, आणि त्यांनी पीळ बसताच बूट सोडून देणारं बाइंडिंग बनवलं. पुढे युरोपात यावर खूप काम झालं. आजच्या बाइंडिंगमध्ये पुढचा भाग पीळ बसला की बाजूला सरकून बूट सोडतो आणि मागचा भाग माणूस पुढे तोंडावर पडायला लागला की वर उचलला जातो. किती जोर बसल्यावर सोडायचं याचा आकडा माणसाचं वजन, उंची, वय, कसब आणि बुटाच्या सोलची लांबी पाहून लावतात.

हे सगळं गणित एका गोष्टीवर उभं आहे : सोल मापात असला पाहिजे. उतारावरच्या स्कीच्या बुटासाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ ५३५५. मोठ्या माणसाच्या बुटात पुढच्या ओठाची उंची १९ मिलिमीटर, टाचेकडची ३० मिलिमीटर, आणि सूट दोन्हीकडे फक्त एक मिलिमीटर इकडे किंवा तिकडे. एक मिलिमीटर म्हणजे आपल्या नखाच्या जाडीहून थोडं जास्त. काँक्रीटवर रोज ये-जा केली तर तेवढं प्लॅस्टिक एका हंगामात आरामात उडतं.

उडालं तर काय होतं? ओठ झिजला की त्याच्या आणि बाइंडिंगच्या मध्ये फट राहते, बूट डुगडुगतो, स्की उशिरा ऐकते आणि बूट नको तिथे सुटू शकतो. कड्यावरच्या वाटेत नको तिथे सुटणं म्हणजे काय हे लिहायला नको. एकच बाजू झिजली तर बूट तिरका बसतो आणि स्कीची धार बर्फात बरोबर लागत नाही. आणि सर्वात फसवी गोष्ट म्हणजे खडी. खडीवर चालल्याने सोलच्या तळाला ओरखडे पडतात, बारीक दगड रुततात. बाइंडिंगच्या पुढच्या भागात बुटाखाली एक गुळगुळीत पट्टी असते, बूट सुटताना तिच्यावरून बाजूला घसरतो. सोल खरखरीत असेल तर घसरण अडते. आकडा बरोबर लावलेला असतो, स्प्रिंग चांगली असते, तरी बूट सुटत नाही. मग सुटतो तो गुडघ्यातला लिगामेंट.

हे मला एका उस्तादांनी हाताने करून दाखवलं. उस्ताद गढवालचे, हवालदार, बोलणं कमी. आमच्या स्क्वाडमध्ये सातारा भागातला एक जवान होता, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, मला दादा म्हणायचा. त्याला मिळालेल्या जोडाचे सोल पुढून झिजलेले होते. पोरगा हुशार आणि काटकसरी. मागच्या एका ठिकाणी त्याने ते मोच्याकडे नेऊन रबराचा हाफसोल मारून घेतला होता. काम देखणं होतं. टाके सरळ, कडा घासून बरोबर केलेल्या. गावाकडे असा हाफसोल मारलेला जोड चार वर्षं जातो. “दादा, आता बर्फावर पण घसरत नाही बघा,” तो मला कौतुकाने दाखवत होता.

उस्तादांनी बूट हातात घेतला, उलटा केला, अंगठा फिरवला. मग स्टोअरच्या बाकावर एक स्की शिकंज्यात आवळली. आधी चांगल्या सोलचा बूट बाइंडिंगमध्ये बसवला आणि टोकाच्या बाजूला तळहाताचा एक जोरदार फटका दिला. टोक बाजूला गेलं, बूट खटकन सुटला. मग याचा बूट. मुळात तो बसेचना. पुढचा स्क्रू फिरवून ओठाला जागा केल्यावर बसला. उस्तादांनी फटका दिला, काही नाही. दुसरा दिला, बाक हलला. तिसऱ्यांदा लाकडी मोगरीने हाणलं तरी बूट जागचा हलला नाही. नव्या रबराने ती गुळगुळीत पट्टी घट्ट धरून ठेवली होती. उस्ताद म्हणाले, “ये बूट छोड़ेगा नहीं बेटा, टाँग तोड़ेगा.”

एवढंच. ओरडले नाहीत, शिक्षा नाही. दुसरा जोड मिळाला आणि तो हाफसोलचा जोड त्या हिवाळ्यात सगळ्या स्क्वाडने लंगरला जाताना पाळीपाळीने वापरला. चालायला खरोखरच फार छान होता. बुटात खोट नव्हती, मोच्यात नव्हती, पोरात तर नव्हतीच. चालायच्या सोलची अक्कल घसरायच्या सोलला लावली, एवढंच झालं होतं. तो जवान पूर्ण नोकरी शेप-वनमध्ये करून गेला. गुडघा गेला असता तर मेडिकल कॅटेगरी खाली, बढतीचे कोर्स बंद आणि घरी परतताना काठी. एक मिलिमीटर रबरावर एवढं सगळं अवलंबून असतं.

म्हणून सोल कसा सांभाळायचा ते माजी सैनिकांच्या मुलांसाठी, हिवाळ्यात गुलमर्ग किंवा औलीला जाणाऱ्या तरुणांसाठी मुद्द्यावार लिहितो. भाड्याने बूट घेणाऱ्यांनी तर जरूर वाचावं.

पहिली गोष्ट, बूट उतारापर्यंत हातात किंवा पाठीवर न्यावा आणि तिथे घालावा. परत येताना उतारापाशीच काढावा. सर्वात स्वस्त आणि सर्वात पक्का उपाय हाच.

दुसरी, चालावंच लागलं तर सोलवर चढवायची रबरी कव्हरं मिळतात, ती घ्यावी. टाचेकडून आणि टोकाकडून ताणून बसतात, खिशात मावतात. ओल्या फरशीवर प्लॅस्टिकचा सोल साबणासारखा घसरतो, त्यामुळे कव्हर बुटाबरोबर तुमची कंबरही वाचवतं. उतारावर पोचल्यावर ती काढायला विसरू नये. कव्हरसकट बूट बाइंडिंगमध्ये घालायचा प्रयत्न करणारे लोक मी पाहिले आहेत.

तिसरी, कव्हर नसेल तर बर्फाच्या कडेने चाला, डांबराच्या मधून नको. वरच्या कड्या सैल करा, टाच आधी टेका, पाय फरफटवू नका. सोलची बहुतेक झीज पावलामुळे होत नाही, पाय ओढल्यामुळे होते.

चौथी, स्कीवर पाय ठेवण्याआधी सोल पाहा. खडी, चिखल, गोठलेला बर्फ काढून टाका. हे करायला स्कीच्या काठीचं टोक पुरतं. दहा सेकंदांचं काम आहे.

पाचवी, महिन्यातून एकदा बूट काचेवर किंवा सपाट टेबलावर ठेवून डुलतो का ते बघा. डुलत असेल, ओठाची कड गोल झाली असेल, दोन बुटांच्या उंचीत फरक दिसत असेल, तर तो जोड जाणकाराला दाखवा. बऱ्याच बुटांचे टोक आणि टाच स्क्रूने बसवलेले असतात आणि नवीन मिळतात. ते त्याच बुटाचे, त्याच मापाचे घ्यावेत, आणि बदलल्यावर बाइंडिंग पुन्हा तपासून घ्यावं. चिकटवलेलं रबर, खिळा, हाफसोल यातलं काहीही नको.

गेल्या काही दशकांत बूट बनवणाऱ्यांनी जुन्या भांडणावर बरीच तडजोड काढली आहे. १९८०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या फ्रिट्झ बार्थेल यांनी एक हलकं बाइंडिंग काढलं. ते सोलच्या कडेला धरतच नाही. बुटाच्या टोकात दोन्ही बाजूंना धातूच्या छोट्या वाट्या बसवलेल्या असतात, त्यात बाइंडिंगच्या पिना बसतात. सोल मोकळा झाला, त्यावर ब्रामानींची रबरी नक्षी लावता आली. डोंगर चढून उतरणारे आज बहुतेक असेच बूट वापरतात. उताराच्या बुटांतही आता खाली किंचित वळलेला, रबरी ‘ग्रिपवॉक’ सोल मिळतो, त्याचं मानक वेगळं आहे, आयएसओ २३२२३. पण त्यासाठी बाइंडिंगही त्या मापाचं लागतं, जुन्या बाइंडिंगमध्ये तो घालायचा नाही. आणि रबर आलं म्हणून झीज थांबली असंही नाही. पिनांच्या वाट्यांभोवतीचा सोल झिजला, वाटीत माती बसली, की पिना बरोबर लागत नाहीत. बूट बदलला, नियम तोच राहिला.

नॉरहाइमच्या विलोच्या वेढ्यापासून आजच्या पिनांपर्यंत प्रत्येक पिढीने एकच प्रश्न सोडवायचा प्रयत्न केला : बुटाने धरावं कधी आणि सोडावं कधी. हा निर्णय इंजिनिअर कारखान्यात घेतो, उस्ताद स्टोअरच्या बाकावर तपासतो, आणि बॅरेक ते लंगर या दोनशे पावलांत आपण तो बिघडवतो किंवा जपतो. ती दोनशे पावलं दुसऱ्या बुटात चालावीत.

जय हिंद.